आरोग्याची बातमी की औषधाची जाहिरात?

शिराळ्याच्या आठवडी बाजारात पूर्वी जडीबुटीवाला हमखास दिसे. चादर अंथरून, वाळलेल्या मुळ्या आणि तेलाच्या बाटल्या मांडून तो बसे आणि गुडघेदुखीपासून दम्यापर्यंत सर्व विकारांवर एकच औषध देई. आपले वडीलधारे त्याचे बोलणे करमणूक म्हणून ऐकत आणि पुढे जात. कारण तो विकायला बसला आहे, हे सर्वांना दिसत होते. आज तोच विक्रेता मोबाइलच्या पडद्यावर येतो. अंगात पांढरा कोट, पाठीमागे प्रयोगशाळेचे चित्र, तोंडी ‘संशोधन’ हा शब्द. त्याचे बोलणे बातमीसारखे वाटते आणि आपण ते बातमी म्हणूनच ऐकतो. वाचकहो, आजचा लेख या फसगतीविषयी आहे.

गुरुजींचे घड्याळ

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. वय ७२, मधुमेह १५ वर्षांचा. मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाने त्यांना मनगटावरचे घड्याळ पाठवले होते. सुई न टोचता रक्तातील साखर दाखवते, अशी त्याची जाहिरात होती. घड्याळ रोज ११०-१२० असे आकडे दाखवी. साखर ताब्यात आली असे समजून गुरुजींनी आधी संध्याकाळची गोळी सोडली, पुढे सकाळचीही. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम तीन आठवडे भरेना, तेव्हा ते दवाखान्यात आले. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासले, तर साखर ३४० निघाली.

अंगठा वाचला, पण त्यासाठी दीड महिना ड्रेसिंग करावे लागले. मुलगा फोनवर म्हणाला, “डॉक्टर, मी तर काळजीपोटीच पाठवलं होतं.” त्याचे म्हणणे खरेच होते. अशा जाहिराती नेमक्या या काळजीलाच हात घालतात. आईवडिलांपासून दूर राहणारी मुले हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट इशारा दिला, की त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचे सेन्सर ही वेगळी वस्तू आहे. त्यांचा बारीक तंतू त्वचेखाली जातो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते अवश्य वापरता येतात. दोन्हींची जाहिरात मात्र एकाच थाटात येते.

‘नवे’ या शब्दाचे वजन

जाहिरातीच्या जाळ्यात फक्त रुग्णच सापडतात असे नाही. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आम्हा डॉक्टरांकडे गुळगुळीत पत्रके घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी मीही अशाच एका पत्रकावर विसंबून रक्तदाबाची एक ‘नवी’ गोळी सात-आठ महिने लिहून देत होतो. एके दिवशी एका आजींनी जुनी आणि नवी अशा दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि विचारले, “डॉक्टर, ही नवी गोळी आधीच्या गोळ्यांपेक्षा काय जास्त करती वो?” मी घटक पुन्हा वाचले. पूर्वीचीच दोन औषधे एका गोळीत आणली होती. किंमत मात्र जवळजवळ तिप्पट. रोज एक गोळी कमी गिळावी लागते, एवढाच तिचा लाभ होता. आजींना तो नको होता. त्या दिवशी त्यांना उत्तर देताना मला संकोच वाटला.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये औषधांच्या विपणनासाठी एक समान आचारसंहिता जाहीर केली. तिच्यानुसार एक वर्षाहून अधिक काळ देशात उपलब्ध असलेल्या औषधाला ‘नवे’ म्हणता येत नाही. खुलासा केल्याशिवाय ‘सुरक्षित’ हा शब्द वापरता येत नाही आणि ‘दुष्परिणाम मुळीच नाहीत’ असे ठामपणे सांगता येत नाही. हे तीन शब्द आपणही लक्षात ठेवावेत. घरी आलेल्या पत्रकात ते दिसले, की थोडे थांबावे.

‘निम्म्याने कमी’ म्हणजे किती?

आरोग्याच्या बातम्यांत टक्केवारी फार असते. समजा, ‘या औषधाने झटक्याचा धोका ५० टक्क्यांनी घटतो’ असे छापून आले. आपल्याला वाटते, शंभरातले पन्नास जण वाचले. प्रत्यक्षात औषध न घेणाऱ्या १०० जणांपैकी दोघांना आणि घेणाऱ्या १०० जणांपैकी एकाला झटका आला असेल, तरी ‘५० टक्के’ हे विधान खरेच ठरते. तो लाभ खोटा नाही; मात्र तो किती मोठा आहे आणि आपल्या वयाला, आपल्या आजाराला लागू पडतो का, हे विचारायला हवे. यावरून चालू असलेली गोळी बंद करावी, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

दुसरा प्रश्न असा, की तुलना कोणाशी केली? वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांना लस देऊन, ती न घेतलेल्या कैद्यांशी त्यांनी तुलना केली. ‘मला गुण आला’ असे सांगणारा हसतमुख चेहरा हा पुरावा नव्हे. ज्यांनी औषध घेतले नाही त्यांचे काय झाले, हेही कळले पाहिजे.

नागांसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या शिराळ्याला आणखी एक उदाहरण जवळचे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांच्या दंशावर चालणारे प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळते. या औषधाने असंख्य शेतकऱ्यांचे प्राण वाचवले आहेत; पण त्याची जाहिरात आपण कधी पाहिली आहे का?

कायदा आपल्या बाजूने आहे

औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरील कायदा १९५४ पासून आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मोतीबिंदू, अर्धांगवायू, संधिवात, कर्करोग असे ५४ विकार आहेत. त्यांवर औषध असल्याची जाहिरात जनतेसमोर करणे हा गुन्हा असून, पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२४ मध्ये अशा जाहिरातींवरून पतंजली आयुर्वेद या मोठ्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने फटकारले आणि तिने वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागितली. आपली फसवणूक झाली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

घरात एवढे पाळावे

१. जाहिरात पाहून नवे औषध वा उपकरण आणले, तरी जुने औषध स्वतःहून बंद करू नये.

२. घरच्या यंत्रावरचा आकडा महिन्यातून एकदा दवाखान्यातील वा प्रयोगशाळेतील आकड्याशी ताडून पाहावा.

३. पट्टीवरील मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली घटकाचे नाव असते. तेच घटक जनऔषधी केंद्रात बरेच स्वस्त मिळतात का, ते डॉक्टरांना विचारून पाहावे.

४. ‘आजच घ्या, उद्या सवलत नाही’ असे सांगणाऱ्या औषधाची खरेदी दुसऱ्या दिवसावर टाकावी. दीर्घ आजारावरील औषध एका रात्रीने बिघडत नाही.

५. मुलांनी आईवडिलांना उपकरण पाठवण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करावा.

गुरुजी आता दर महिन्याला येतात. घड्याळ अजून त्यांच्या मनगटावर आहे. मुलाने प्रेमाने दिलेले, ते टाकणार कसे? त्यात ते वेळ पाहतात. साखर मात्र रक्त देऊनच तपासतात. परवा येताना त्यांनी वर्तमानपत्राचे एक कात्रण आणले होते. “डॉक्टर, यात ‘नवे’ लिहिलंय. आधी तुम्हाला दाखवावं म्हटलं.” वाचकहो, आपल्याकडेही असे कात्रण असेल, तर ते घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जा.