पडद्याला आधार

सिंगापूरच्या प्राथमिक शाळांतली मुलं 2010 पासून 'स्विमसेफर' उपक्रमात पोहायला शिकतात. कॉन्डोमध्ये राहणाऱ्या मराठी मुलांना तर तरणतलाव इमारतीच्या पायथ्याशीच, आणि हिवाळा नसल्यामुळे पोहणं बारा महिने. अशा ठिकाणी कानाच्या पडद्याला भोक असणं फार जाचतं. पाणी आत शिरलं की कान वाहू लागतो. कमी ऐकू येतं ते वेगळंच.

थपडेनं किंवा काडी घातल्यानं पडलेलं भोक बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतं. तोवर कान कोरडा ठेवायचा. वारंवार कान फुटून पडलेलं भोक मात्र हट्टी. त्याच्या काठावर बाहेरची त्वचा आणि आतलं अस्तर एकमेकांना भिडतात, काठ पक्का होतो आणि भरून येण्याची क्रियाच थांबते. म्हणून शस्त्रक्रियेची सुरुवात हा काठ खरवडून जखम पुन्हा ताजी करण्यापासून होते.

हा पडदा जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड. त्याला टाके घालता येत नाहीत. 1640 मध्ये मार्कुस बान्झर या जर्मन वैद्यानं हस्तिदंती नळीला डुकराच्या मूत्राशयाचा पापुद्रा लावून कानात बसवला. 1853 मध्ये लंडनच्या जोसेफ टॉयनबी यांनी चांदीच्या तारेवर रबराची चकती बसवली. दोन्ही ठिगळंच. खरी दुरुस्ती सुरू झाली ती 1950 च्या दशकात, शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली. वुल्स्टाइन आणि झोल्नर या जर्मन सर्जननी त्वचेचं कलम लावलं, पण त्वचा कुठेही लावली तरी मृत पेशी टाकतच राहते. मध्यकर्णात तो थर साचला की आजूबाजूचं हाड पोखरलं जातं.

1960 च्या सुमारास कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण वापरात आलं आणि आजही जगभर तेच मुख्य कलम आहे. रक्तपुरवठा नसतानाही ते सुरुवातीचे दिवस तग धरतं. पडद्याच्या आतून ते लावतात, खाली विरघळणाऱ्या जिलेटिन स्पंजचा टेकू देतात आणि त्याच्या आधारानं काठावरच्या पेशी सरकत भोक झाकतात. सर्जन फक्त आधार देतो, भरून काढतो तो कानच. या शास्त्रातला सर्वांत सुंदर विचार मला हाच वाटतो. पुढची वाटचालही त्याच दिशेनं झाली. दुर्बिणीमुळे कानामागचा छेद बऱ्याचदा टळतो. मात्र एक हात दुर्बीण धरण्यात गुंततो. जपाननं तर 2019 मध्ये पेशीवाढीचं औषध भिजवलेल्या स्पंजला मान्यता दिली. त्यात कलमच लागत नाही.

पण जिथे कानाची भरून येण्याची ताकदच गेली, तिथे काय? सिंगापूरमध्ये हा प्रश्न खराखुरा आहे. नाकामागच्या घशाचा कर्करोग दक्षिण चिनी वंशाच्या लोकांत जास्त आढळतो आणि त्यावरचा मुख्य उपचार किरणोत्सर्गाचा. त्यानंतर घशाला जोडणारी कानाची नळी बऱ्याचदा नीट उघडत नाही आणि पडद्यामागे पाणी साचतं. ते काढायला पडद्यात ग्रोमेट, म्हणजे बारीकशी नळी, बसवावं, तर ते गळून पडल्यावर राहिलेलं भोक भरत नाही. कलम लावून बुजवलं, तर पाणी पुन्हा साचू शकतं. अशा रुग्णाच्या कोरड्या कानातलं भोक तसंच ठेवून श्रवणयंत्र देणं हाही विचारपूर्वक दिलेला सल्ला असतो.