नुकसानभरपाईचे वकील

वकील हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे बहुधा खुनाचा किंवा दरोड्याचा खटला उभा राहतो. आरोपीचा पिंजरा, गच्च भरलेले न्यायालय आणि आवेशाने बोलणारा काळ्या डगल्यातील वकील असे ते चित्र असते. परंतु जिल्ह्याच्या न्यायालयात आणखी एक दालन असते. तेथे गर्दी नसते आणि आरडाओरडाही नसतो. बाकावर कुबडी टेकवून एखादा गवंडी बसलेला असतो. शेजारी कडेवर मूल घेतलेली एखादी तरुण विधवा असते. ज्यांचा एकुलता एक मुलगा रस्त्यावरील अपघातात गेला, असे वृद्ध आईबापही तेथे आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. या दालनास मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असे म्हणतात. येथे कोणालाही तुरुंगात पाठवत नाहीत. ज्याची हानी झाली त्याला ती कोणी व किती भरून द्यावी, एवढाच प्रश्न येथे सोडवला जातो. हा प्रश्न मांडणाऱ्या वकिलांच्या व्यवसायाची ओळख आपण या पाठात करून घेऊ.

गेलेला माणूस पैशाने परत येतो काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. तो परत येत नाही, हे न्यायालयही जाणते. परंतु घरातील कर्ता पुरुष गेला, म्हणून घरातील भूक थांबत नाही. मुलांची शाळा, आईचे औषध आणि घराचे भाडे ही सारी मागे उरतात. ज्याच्या बेफिकिरीमुळे हे संकट कोसळले, त्याने निदान एवढा भार तरी उचलावा, हे नुकसानभरपाईच्या कायद्याचे मूळ तत्त्व होय.

हे तत्त्व आज आपणास सहज पटते, पण कायद्याला ते पटण्यास फार काळ लागला. इंग्लंडमध्ये पूर्वी असा नियम होता, की जखमी झालेला मनुष्य स्वतः दावा लावू शके, पण तो मरण पावला तर त्याच्याबरोबर त्याचा दावाही मरे. म्हणजे ज्याने दुसऱ्याचा पाय मोडला त्याने पैसे द्यावे आणि ज्याने जीव घेतला त्याने मात्र मोकळे सुटावे, असा तो विपरीत न्याय होता. पुढे आगगाड्या आल्या, अपघात वाढले आणि हा अन्याय लोकांच्या डोळ्यांत सलू लागला. तेव्हा १८४६ साली तेथे कायदा होऊन मृताच्या कुटुंबास भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. तशाच स्वरूपाचा कायदा हिंदुस्थानात १८५५ साली झाला.

तरीही एक अडचण उरलीच. भरपाईचा हुकूम झाला, पण गाडीवाल्याजवळ पैसाच नसला तर तो हुकूम कागदावरच राहणार! या अडचणीवर विम्याने मार्ग काढला. लाखो वाहनमालक दरवर्षी थोडीथोडी रक्कम विमा कंपनीकडे भरतात. त्यांतील थोड्यांच्याच हातून अपघात घडतात आणि त्यांच्या वतीने कंपनी भरपाई देते. थेंबे थेंबे तळे साचावे आणि तहान लागेल त्याने त्यातून पाणी घ्यावे, तसाच हा प्रकार. आपल्या देशात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या विम्याची तरतूद करण्यात आली व ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. सध्याचा कायदा १९८८ सालचा आहे. वाहनामुळे दुसऱ्या कोणास इजा झाली, तर तिची भरपाई देणारा विमा उतरवल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही, असे हा कायदा बजावतो.

आता वकिलाचे काम पाहू. अपघातग्रस्ताचे नातेवाईक त्याच्याकडे येतात, ते दुःखाने भांबावलेले असतात. कोणता कागद जपून ठेवावा, हे त्यांना ठाऊक नसते. वकील प्रथम पोलिसांत नोंदलेली खबर आणि घटनास्थळाचा पंचनामा मिळवतो. रस्ता किती रुंद होता? टायर घासल्याच्या खुणा कोठून कोठपर्यंत होत्या? उभ्या मालमोटारीचा मागचा दिवा लागलेला होता काय? अशा बारीक गोष्टींवर चूक कोणाची हे ठरते. चूक दोघांचीही असू शकते. तसे झाल्यास भरपाई त्या प्रमाणात कमी होते. हानी १० लाख रुपयांची आणि जखमीची स्वतःची चूक २५ टक्के असेल, तर त्याला साडेसात लाखच मिळतात.

यानंतर अर्ज दाखल होतो. जेथे अपघात घडला तेथेच तो केला पाहिजे असे नाही. अपघात नाशिकजवळ झाला आणि कुटुंब लातूरचे असले, तर लातुरासही अर्ज करता येतो. गरिबाला प्रवासखर्च पडू नये, यासाठी ही सोय आहे. मात्र अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा, असा दंडक २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने घातला आहे. मग साक्षीपुरावा होतो, प्रतिपक्षाचा वकील साक्षीदारांची उलटतपासणी घेतो आणि दोन्ही बाजूंचा युक्तिवाद ऐकून न्यायाधीश निवाडा देतात. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. येथे मात्र कोणाची हकीकत अधिक संभवनीय आहे, हे पाहिले जाते.

भरपाईची रक्कम कशी काढतात, हे मोठे उद्बोधक आहे. पूर्वी या बाबतीत एकवाक्यता नव्हती. एकसारख्याच दोन दाव्यांत निरनिराळ्या रकमा मिळत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा यांच्या खटल्यात आणि २०१७ साली प्रणय सेठी यांच्या खटल्यात त्यासाठी निश्चित रीत घालून दिली. एक कल्पित उदाहरण घेऊ. भाजी विकणारा ३४ वर्षांचा गृहस्थ महिन्याला १२,००० रुपये मिळवत होता. त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व आई अशी चार माणसे आहेत. त्याची वार्षिक मिळकत १,४४,००० रुपये झाली. तो जगता तर त्याची मिळकत वाढती, म्हणून तीत ४० टक्के म्हणजे ५७,६०० रुपये मिळवावयाचे. बेरीज २,०१,६०० झाली. यातील चौथा हिस्सा तो स्वतःवर खर्च करता, म्हणून ५०,४०० वजा करावयाचे. राहिले १,५१,२००. एवढी रक्कम घराला दरसाल मिळाली असती. मृताच्या वयावरून न्यायालयाने गुणक ठरवून दिले आहेत. ३१ ते ३५ या वयासाठी तो १६ आहे. १,५१,२०० ला १६ ने गुणले म्हणजे २४,१९,२०० रुपये होतात. अंत्यविधीचा खर्च आणि जोडीदाराच्या सहवासाला मुकणे यांसाठी ठराविक रकमा त्यात आणखी मिळवतात.

जखमी माणसाचे गणित याहून अवघड असते. समजा, दोघांचा डावा हात गेला आणि दोघांनाही डॉक्टरांनी सारख्याच टक्क्यांचे अपंगत्व लिहून दिले. त्यांतील एक सुतार आहे व दुसरा कचेरीतील कारकून. कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, पण सुताराची तर सगळी रोजीरोटीच बुडाली. म्हणून शरीराचे अपंगत्व निराळे आणि कमाईची हानी निराळी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. त्या निकालात वाहनचालक, सुतार व कारकून यांचीच उदाहरणे दिली आहेत. हा भेद न्यायाधीशांपुढे नीट मांडण्यासाठी वकिलाला हाडांची, सांध्यांची आणि सुताराच्या रंध्याचीही माहिती असावी लागते.

अपघातात घर सांभाळणारी आई दगावली तर? तिला पगार नव्हता, सबब तिची मिळकत शून्य, असे म्हणावयाचे काय? पहाटे उठून पाणी भरणारी, रांधणारी, आजाऱ्याची शुश्रूषा करणारी आणि पै पै वाचवणारी स्त्री काहीच मिळवत नाही, असे कोण म्हणेल? जमशेटपूर येथे १९८९ साली लागलेल्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले होते. पुढे २०२१ सालच्या एका निकालात न्यायालयाने २०११ च्या जनगणनेचा दाखला दिला. घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय असल्याचे सुमारे १६ कोटी स्त्रियांनी सांगितले होते. असे सांगणारे पुरुष मात्र ५८ लाखांच्या आसपासच होते. एवढ्या श्रमांना किंमतच नाही असे मानणे न्यायाचे नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. ही दृष्टी न्यायालयात रुजली, तिच्यामागे कित्येक वकिलांनी चिकाटीने केलेले युक्तिवाद आहेत.

येथपर्यंत वाचून विमा कंपनीचा वकील म्हणजे दुःखितांचा वैरी, असा कोणाचा समज होईल. तो बरोबर नाही. कंपनीजवळचा पैसा हा हजारो विमेदारांचा असतो. खोटा दावा मान्य झाला, तर तो त्या साऱ्यांच्या खिशातून जातो. अपघात खरोखर याच गाडीने झाला काय, विमा त्या दिवशी चालू होता काय, चालकाजवळ परवाना होता काय, हे तपासणे त्या वकिलाचे कर्तव्यच आहे. मात्र मालक आणि कंपनी यांच्या भांडणात निरपराध जखमी माणूस भरडला जाऊ नये, अशीही काळजी न्यायालय घेते. परवान्यात खोट निघाली, तरी पुष्कळदा कंपनीला आधी भरपाई भरण्यास आणि मग ती मालकाकडून वसूल करण्यास सांगितले जाते. भक्कम दाव्यात उगाच वर्षे न दवडता लोकअदालतीत तडजोड करावी, असा सल्ला आपल्या कंपनीला देणारा वकील तिचेही हितच करतो.

या व्यवसायात मोहाचे प्रसंग पुष्कळ येतात. इस्पितळाच्या दारात उभे राहून जखमींच्या नातेवाइकांना गाठणे आणि मिळणाऱ्या भरपाईत हिस्सा ठरवून घेणे, असे करावयास कोणी धजतो. आपल्या देशात वकिलांच्या आचारनियमांनी या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे. वकिलाने काम मिळवण्यासाठी लोकांच्या मागे लागू नये. तसेच दाव्याच्या निकालावर अवलंबून असणारी फीही ठरवू नये. दुसऱ्याच्या संकटाचा बाजार होऊ नये, हाच या नियमांचा हेतू आहे. अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवण्याचा प्रघातही याच हेतूने पडला आहे.

असा वकील होण्यासाठी बारावीनंतर पाच वर्षांचा अथवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मग वकील परिषदेकडून सनद मिळते व अखिल भारतीय परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागते. परंतु सनद मिळाली म्हणजे विद्या संपली असे नाही. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली वर्षानुवर्षे कागद चाळावे लागतात आणि तारखांमागून तारखा पाहाव्या लागतात. आरंभीची मिळकतही तुटपुंजी असते. वैद्यकाचे दाखले वाचता येणे, हिशेब चोख असणे, शोकाकुल माणसाचे बोलणे न कंटाळता ऐकणे आणि खोटा कागद हाती आला तर तो बाजूला सारण्याचे धैर्य असणे, या गुणांवाचून हे काम साधत नाही.

डॉक्टर मोडलेले हाड सांधतो. हा वकील मोडलेल्या संसाराला टेकू देतो. टेकू म्हणजे घर नव्हे, हे खरे. परंतु टेकू वेळेवर मिळाला तर घर पडत नाही आणि त्या घरातील मुलांची शाळा सुटत नाही. म्हणूनच हा दावा खरा, नेमका आणि वेळेवर मांडणे ही समाजाची मोठी सेवा आहे.

स्वाध्याय

१. वाहनांचा विमा सक्तीचा का करण्यात आला?
२. सुतार व कारकून यांच्या उदाहरणावरून कोणता भेद स्पष्ट होतो?
३. विमा कंपनीच्या वकिलाचे कर्तव्य कोणते, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. मृताचे वय २८, मासिक मिळकत १०,००० रुपये, मिळकतीतील वाढ ४० टक्के, स्वतःचा खर्च एक तृतीयांश आणि गुणक १७ असल्यास पाठातील रीतीने रक्कम काढा.
५. आपल्या आईच्या एका दिवसातील कामांची यादी करा आणि ती कामे मोलाने करून घेतल्यास किती खर्च येईल, याचा घरी बसून अंदाज करा.