मुरमांचे डाग आणि खड्डे : ओळख व उपचार

मुरूम बरा झाल्यानंतर चेहऱ्यावर जे उरते, ते सर्वच व्रण नसतात. सपाट, तपकिरी किंवा काळसर खूण हा केवळ डाग असतो. दाहामुळे तेथे रंगद्रव्य साचलेले असते आणि ते बहुधा काही महिन्यांत फिकट होते. त्वचेच्या खोल थरातील कोलॅजेन नष्ट झाले, तर मात्र खड्डा पडतो. तो आपोआप भरून येत नाही आणि कोणत्याही मलमाने पूर्णपणे भरत नाही. जबड्याची कड, छाती व पाठ येथे कधी उलट घडते आणि व्रण गाठीसारखा वर येतो.

आरशासमोर बाजूने प्रकाश घेऊन दोन बोटांनी त्वचा हलकेच ताणून पाहावी. ताणल्यावर दिसेनासा होणारा खड्डा उथळ असतो. सुईने टोचल्यासारखा अरुंद, खोल खड्डा तसाच राहतो. उपचार याच भेदावर ठरतो. अरुंद खड्ड्यांत तज्ज्ञ तीव्र आम्लाचा अचूक थेंब सोडतात. पसरट खड्ड्यांना तळाशी खेचून धरणारे तंतू ते सुईने सोडवतात. याशिवाय सूक्ष्म सुयांचा उपचार किंवा लेझरही वापरतात. सावळ्या त्वचेवर लेझरनंतर नवे काळे डाग उमटण्याचा धोका अधिक असतो, हे आधीच विचारून घ्यावे. हे उपचार काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा करावे लागतात. व्रण त्यांनी सौम्य होतात, नाहीसे होत नाहीत. विवाह ठरल्यावर महिनाभर आधी धावपळ करणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

नवे मुरूम येत असतील, तर प्रथम तेच थांबवावेत. व्रण टाळण्याचा खरा उपाय तोच आहे. ‘वय झाले की जातील’ असे म्हणून मुलामुलींना थांबवून ठेवू नये. दुखऱ्या, मोठ्या गाठी असल्यास तर मुळीच नको. आयसोट्रेटिनॉईनच्या गोळ्या गुणकारी आहेत, परंतु गर्भाला गंभीर इजा करतात. त्या चालू असताना व बंद केल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळणे आवश्यक आहे.

लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्यावर लावू नये. ‘गोरेपणा’साठी शेजाऱ्यांनी सुचवलेली स्टेरॉईडयुक्त मलमे त्याहून घातक ठरतात. आरंभी चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते आणि मुरूम वाढतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

बेंगळुरूची हवा सुखद असते, ऊन मात्र सौम्य नसते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. ढगाळ दिवशीही अतिनील किरणे पोहोचतात आणि डाग गडद करतात. म्हणून किमान एसपीएफ 30चे सनस्क्रीन रोज लावावे.

व्हिक्टोरिया तसेच बोअरिंग व लेडी कर्झन या शासकीय रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. तपासणीस जाताना आजवर वापरलेल्या सर्व ट्यूब, गोळ्या आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. संपलेल्या ट्यूबही टाकून देऊ नयेत.