पाखरांच्या कवटीतले पंचांग

माघात ज्वारीची कणसे भरू लागली, की बेळगाव-धारवाडकडच्या शेतांवर काळ्या डोक्याच्या व पिवळ्या पोटाच्या भारिटांचे थवेच्या थवे उतरलेले दिसतात. राखणदाराच्या गोफणीशी त्यांचे हाडवैर. चैत्राच्या सुमारास मात्र हे पाहुणे इराण आणि त्यापलीकडे आग्नेय युरोपाकडे चालते होतात. तेथे वेळेवर पोहोचले नाही, तर वर्षाचा विणीचा हंगाम हुकला. इकडच्या उन्हावरून तिकडचा वसंत त्यांनी ओळखावा तरी कसा?

कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी १९२४ पासून या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. ऐन हिवाळ्यात जंको जातीची पाखरे उघड्या पिंजऱ्यांत ठेवून, विजेच्या दिव्यांनी त्यांचा ‘दिवस’ ते रोज काही मिनिटांनी लांबवीत गेले. बाहेर कडाक्याचा गारठा. तरीही पाखरांची जननेंद्रिये वसंतातल्याप्रमाणे वाढली. खूण उबेची नव्हती, दिवसाच्या लांबीची होती.

ही लांबी डोळेच मोजत असतील, असे कोणालाही वाटेल. टेक्सासमध्ये मायकेल मेनाकर यांनी साठोत्तर दशकात हा समज मोडून काढला. त्यांच्या आंधळ्या चिमण्याही उजेडाशी मेळ राखीत. डोक्याची पिसे उपटली, तर अंधूक प्रकाशही पुरे होई. तेथे कातडीखाली काळी शाई टोचली, की परिणाम थांबे. (प्रयोग निर्दय खरा, वाचताना आमचेही मन कचरते.) म्हणजे उजेड कवटीतून झिरपून थेट मेंदूत टिपला जातो.

पण तो केव्हा पडला, हे कळायला घड्याळ हवे. चिमणीचे एक घड्याळ मेंदूच्या माथ्यावरच्या पिनियल ग्रंथीत असते. ती काढली, तर अखंड अंधारात चिमणीच्या झोप-जागेचा ताल पार विस्कटतो. १९७९ मध्ये एका चिमणीची ग्रंथी दुसरीच्या डोळ्यातील पुढच्या पोकळीत बसविली, तेव्हा ताल परतला, आणि तोही देणारीच्या वेळेबरहुकूम!

ऋतूचे गणित मेंदूच्या तळाशी चालते. जपानी लावा पक्ष्याला लांब दिवस दाखविला, तर पहिल्याच दिवशी, पहाटेनंतर सुमारे चौदा तासांनी, पीयूषिकेच्या एका भागात थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाचे जनुक जागे होते, असे नागोया येथील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. हिवाळ्यात त्या घटकेपूर्वीच सूर्य मावळलेला असतो.

आपल्या भारिटांवर लखनौच्या विनोद कुमार यांनी दीर्घकाळ काम केले आहे. पिंजऱ्यातल्या भारिटाला लांब दिवस मिळू लागले, की आधी त्याच्या अंगावर चरबी चढते. मग एरवी रात्री निवांत झोपणारे हे पाखरू अंधारात उड्या मारू लागते, पंख फडफडवू लागते.