रंधा आणि यंत्र

पावसाळा लागला की आपल्या घरांतील जुनी सागवानी दारे फुगतात व चौकटीत अडकू लागतात. मग सुताराची आठवण होते. तो दार उतरवितो, कडेवर चार हात रंधा फिरवितो, आणि दार पूर्ववत लागते. परंतु जाणता सुतार साल बेताचीच काढतो. सोलापुरी उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर चढला म्हणजे तेच लाकूड आकसते, आणि आषाढात फाजील रंधलेले दार वैशाखात फट दाखविते. हे तारतम्य हत्यारात नसते. ते धरणाऱ्या हातात असते. या हाताची व यंत्राची तुलना आम्ही येथे करणार आहो.

रंध्याची रचना साधी आहे. लाकडी ठोकळ्यात एक खाच, तीत तिरपे बसविलेले पोलादी पाते, आणि ते घट्ट धरणारी पाचर. पात्याची धार तळातून केसभर डोकावते व तेवढीच पातळ साल निघते. तळ सपाट असल्यामुळे प्रथम उंचवटेच कापले जातात व फळी हळूहळू समतल होते. मात्र रंधा लाकडाच्या रेषेस अनुसरून चालवावा लागतो. उलट चालविल्यास तंतू उचकटतात. हे हत्यार फार प्राचीन आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातही रंधे सापडले आहेत.

रंधण्याच्या यंत्राचे पेटंट सॅम्युएल बेंथम याने इंग्लंडात १७९१ साली घेतले. आजच्या यंत्रात फिरत्या रुळावर पाती बसविलेली असतात व तो रूळ मिनिटास हजारो फेरे घेतो. शंभर फळ्या एकाच जाडीच्या करणे हे हातास दिवसांचे काम, यंत्रास थोड्या वेळाचे. परंतु फिरत्या पात्यांमुळे फळीवर बारीक लाटा उमटतात. गाठीपाशी लाकूड फाटते. क्षणभर लक्ष चुकले तर बोटे जातात. शिवाय लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली ठरविले. म्हणून यंत्रापाशी नाकातोंडावर आच्छादन अवश्य असावे.

हा प्रश्न आपल्या नगरास नवा नाही. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली, आणि त्या स्थित्यंतराची झळ विणकरांच्या अनेक घरांनी सोसली. यंत्र आले म्हणून रडत बसणे व्यर्थ. पण ज्याच्या हातचे काम गेले त्याचा विसर पडणे हेही बरे नव्हे.

मग मुलास प्रथम काय शिकवावे? आमच्या मते रंधाच. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेत पूर्वी मुलांस सुतारकाम शिकवीत. रंधा चालविताना लाकडाची रेषा, गाठ व ओल हातास आपोआप कळते. ही ओळख नसलेला मनुष्य यंत्रावर बसला, तर यंत्र चांगली फळीही तितक्याच वेगाने बिघडविते. म्हणून रंध्याने पारख शिकावी, यंत्राने कष्ट वाचवावे, आणि शेवटचा हात पुन्हा रंध्याने फिरवावा.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे: मुलाने हत्यार हाती धरले तर त्यास कमी लेखू नये. प्रभू येशू नासरेथात सुतारच होते.