सणाचा फलक रस्त्यावर बांधताना

पालक संताचा सण, धर्मग्रामाचा वर्धापनदिन, नवीन धर्मगुरूंचे आगमन किंवा नाताळ जवळ आला की युवक मंडळ सर्वप्रथम हाती घेते ते काम म्हणजे स्वागतफलकाचे. रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणून बांधलेला मोठा फलक हे आपल्याकडे उत्सवाचे जणू निशाणच होऊन बसले आहे. रेवस बंदरावरून अलिबागकडे आणि तेथून पुढे रेवदंडा, कोर्लईकडे जाणाऱ्या रस्त्यावरही सणासुदीला असे फलक लागतात. गणेशोत्सवाचे लागतात, जत्रेचे लागतात, तसे आपलेही लागतात. फलकावर काय लिहावे, कोणाची छायाचित्रे असावीत यावर बैठकांमध्ये पुष्कळ चर्चा होते. तो बांधावा कसा, हा प्रश्न मात्र दोरी आणि शिडी घेऊन आलेल्या दोन मुलांवर सोपवून आपण मोकळे होतो. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती देणे आम्हांला आवश्यक वाटते.

फलक नव्हे, शीड

रेवस हे धरमतर खाडीच्या मुखाशी, करंजाच्या समोर वसलेले बंदर आहे. येथील कोळी बांधवांना शीड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. होडी पुढे ढकलणारे कापड आणि रस्त्यावर ताणलेला फ्लेक्स यांत वाऱ्याच्या दृष्टीने काहीच भेद नाही. फरक इतकाच की वारा वाढला की तांडेल शीड उतरवतो. आपण मात्र फलक तसाच ठेवून घरी जातो.

वाऱ्याचा जोर किती असतो, याचा साधा हिशेब पाहू. २० फूट लांब आणि ४ फूट उंच फलकाचे क्षेत्रफळ ८० चौरस फूट, म्हणजे सुमारे ७.४ चौरस मीटर होते. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा त्यावर समोरून आदळला, तर सुमारे ५५ किलो वजनाइतका रेटा बसतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला की रेटा दुप्पट न होता चौपट होतो. तो सुमारे २२० किलोवर जातो. ताशी १०८ किलोमीटर वेगाला तो पाचशे किलोच्या घरात पोहोचतो. मंद वाऱ्यात अगदी भक्कम वाटणारी बांधणी वादळात एकाएकी का तुटते, याचे उत्तर या चौपटीत आहे.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो आहोत. सकाळी हवा शांत असताना फलक बांधला जातो; दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो. म्हणून बांधणी सकाळी केली तरी तिची खरी परीक्षा दुपारी असते, आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा जाऊन पाहणे हा बांधणीचाच भाग समजावा. शिवाय आपले काही सण ऐन पावसाळ्यात येतात. कार्मेल मातेचा सण १६ जुलैला असतो, वांद्रे येथील माऊंट मेरीचा उत्सव सप्टेंबरमध्ये भरतो. मे महिन्यातील सोहळ्यांना वळवाच्या वादळाची धास्ती असते.

घडलेल्या दुर्घटना

१३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात १२० फूट लांब व तितकाच उंच जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जण मृत्युमुखी पडले. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे वादळापासून बचाव करण्यासाठी फलकाच्या आडोशाला उभे राहिलेले ५ जण त्याच फलकाखाली दगावले. हे दोन्ही लोखंडी सांगाड्याचे महाकाय फलक होते. आपला फलक त्यांच्या तुलनेत चिमुकला, असे कोणी म्हणेल. परंतु १२ सप्टेंबर २०१९ रोजी चेन्नईमध्ये एका खासगी समारंभाचा साधा फलक सुटून दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणीवर पडला. ती रस्त्यावर कोसळली आणि मागून येणाऱ्या टँकरखाली सापडून तिचा मृत्यू झाला. फलकाचे वजन किती होते, याला तेथे महत्त्व उरले नाही. चालत्या वाहनावर पडलेले हलके कापडही जीव घेऊ शकते.

दोरी जितकी ताठ, तितका ताण अधिक

फलक सुरकुतीविना दिसावा म्हणून दोरी शक्य तितकी ताठ ओढण्याची आपली रीत आहे. येथेच मोठी चूक होते. वारा शिरला की फलक धनुष्यासारखा बाकतो. १० मीटर रुंद रस्त्यावर त्याला अर्धा मीटर बाक घेता आला, तर दोऱ्यांवर येणारा एकूण ताण वाऱ्याच्या रेट्याच्या सुमारे अडीचपट असतो. म्हणजे २२० किलोच्या रेट्याला साडेपाचशे किलो. तोच बाक पाव मीटरवर आणला की ताण पाचपट, म्हणजे अकराशे किलो होतो. म्हणून दोरीला थोडा झोळ राहू द्यावा. फलक किंचित सैल दिसला तरी चालेल.

अनेक जण फलकात अर्धचंद्राकृती छिद्रे पाडतात आणि वाऱ्याला वाट मिळाली असे मानतात. अर्धा फूट व्यासाची चार छिद्रे पाडली तरी वर सांगितलेल्या फलकाच्या क्षेत्रफळाचा जेमतेम एक टक्का मोकळा होतो. रेटा कमी होत नाही, उलट त्या जागी कापड फाटू लागते. वारा आरपार जावा असे वाटत असेल, तर जाळीदार कापडावर छपाई करून घ्यावी, किंवा फलकच लहान करावा. क्षेत्रफळ निम्मे केले की रेटाही निम्मा होतो.

बांधणीची रीत

फलक केवळ चार कोपऱ्यांवर बांधू नये. वर एक आणि खाली एक अशा दोन मुख्य दोऱ्या रस्त्यावर आडव्या बांधाव्यात आणि फलकाच्या कडेला ठोकलेली प्रत्येक रिंग त्या दोऱ्यांना स्वतंत्र बंधाने बांधावी. एक बंध तुटला तरी शेजारचे फलक धरून ठेवतात. वरची दोरी शक्यतो पोलादी तारेची असावी. सुतळी आणि जुनी, उन्हाने पांढरी पडलेली नायलॉनची दोरी या कामी वापरू नये. गाठ मारलेल्या जागी दोरीची ताकद बरीच घटते, म्हणून लागेल त्याहून दुप्पट ताकदीची दोरी घ्यावी. दोरी भिंतीच्या किंवा लोखंडाच्या धारेवरून जात असेल तेथे गोणपाट गुंडाळावे. घासून झिजलेली दोरी आतून कमकुवत झालेली असते आणि खालून दिसत नाही. प्रत्येक टोकाला मुख्य बांधणीखेरीज दुसरी जोडदोरी वेगळ्या आधाराला बांधावी.

आधाराची निवड ही सर्वांत महत्त्वाची. इमारतीचा सिमेंटचा खांब किंवा तुळई चालेल. गॅलरीचा कठडा, कौलारू घराचा वासा, जुनी कुंपणभिंत चालणार नाही. जमिनीत पुरलेल्या बांबूला मागच्या बाजूने तणावे दिले नाहीत, तर तो रस्त्याकडे झुकणारच. झाडाला खिळे ठोकू नयेत. महावितरणच्या खांबाला तर हातही लावू नये. पावसाने व खाऱ्या हवेने ओली झालेली दोरी विजेचा धक्का पोहोचवू शकते.

उंचीचा प्रश्न

वस्तीतील रस्त्यावर वाहनांसाठी ५.५ मीटर, म्हणजे सुमारे १८ फूट उंची मोकळी असावी, असा रस्तेबांधणीचा दंडक आहे. दुसरीकडे, विद्युत सुरक्षेच्या नियमांनुसार रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारा जमिनीपासून किमान ५.८ मीटरवर आणि ११ हजार व्होल्टच्या तारा किमान ६.१ मीटरवर असतात. या दोन आकड्यांमध्ये फूट-दोन फुटांचेच अंतर उरते. चार फूट उंचीचा फलक तेथे मावत नाही. याचा अर्थ सरळ आहे : जेथे वरून विजेच्या तारा जातात, तेथे रस्त्यावर आडवा फलक बांधूच नये. चर्चच्या आवाराची भक्कम भिंत किंवा प्रवेशद्वार हीच त्याची जागा.

परवानगी आणि जबाबदारी

सार्वजनिक रस्त्यावर फलक लावण्यास ग्रामपंचायत वा नगरपरिषद आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे ते खाते, यांची लेखी परवानगी हवी. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ सालापासून आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ च्या निकालात बेकायदा फलकांविरुद्ध कडक आदेश दिलेले आहेत. कार्यक्रम धार्मिक आहे, म्हणून सवलत मिळावी अशी अपेक्षा आपण धरू नये.

कायद्याच्या पलीकडेही एक कर्तव्य आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा बांधावा, म्हणजे कोणी खाली पडून त्याचा दोष घरावर येणार नाही, अशी आज्ञा जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात आहे. घर आपले, पण त्यापासून दुसऱ्याला इजा होऊ न देण्याची जबाबदारीही आपलीच, हा त्यातील आशय फलकालाही लागू पडतो.

म्हणून प्रत्येक फलकासाठी एका प्रौढ व्यक्तीची नेमणूक करावी. बांधताना रस्त्याची एक बाजू बंद ठेवून, दोन्ही टोकांना माणसे उभी करावीत. फलक दररोज एकदा पाहावा. हवामान खात्याने वादळी वाऱ्याचा इशारा दिला, की सण उद्यावर असला तरी फलक आजच उतरवावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा विजेचे खांबही उभे राहिले नव्हते. आपल्या दोरीची काय कथा? आणि सण संपल्यावर दुसऱ्याच दिवशी फलकाबरोबर दोऱ्याही काढाव्यात. मागे लोंबत राहिलेली नायलॉनची दोरी दुचाकीस्वाराच्या गळ्याला फास ठरू शकते.

आपल्या सणाच्या फलकाखालून जाणारे सारेच आपल्या धर्मग्रामाचे नसतात. बंदराकडे मासळी घेऊन निघालेली कोळीण, शाळेला जाणारी मुले, एसटीचे प्रवासी अशा सर्वांना तो फलक स्वागताचे शब्द सांगत असतो. त्यांचा प्रवास सुखरूप होईल, एवढी काळजी घेऊनच आपण तो बांधावा, अशी सर्व युवक मंडळांना व सण समित्यांना आमची नम्र विनंती आहे.