शेवटच्या घराचा नळ

पहाटे 5.15. रात्रभर पाऊस झालाय, टाकीची शिडी निसरडी आहे. पायताण खालीच काढतो आणि चढतो. टाकी पन्नास हजार लिटरची, काठोकाठ भरलेली. पाणी नितळ दिसतंय. पण पहिल्या पावसात विहिरीत काय काय उतरतं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. मी या गावचा जलसुरक्षक. माझा भरवसा काट्यावर आणि ओ.टी.च्या, म्हणजे पाण्यातला क्लोरीन रंगानं दाखवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीवर.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आम्ही हजार लिटरला पाच ग्रॅम धरतो. टाकीला 250 ग्रॅम. गणित पाठ आहे, तरी रोज मोजूनच घेतो. मूठ-ओंजळ ही मापं औषधाला चालत नाहीत. प्लास्टिकच्या बादलीत आधी लगदा करायचा, मग पाणी घालून ढवळायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. चुना तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. नवा माणूस इथंच घाई करतो आणि अख्खी बादली ओततो. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. पोत्याला ओल लागली की तो उडून जातो, आणि मग टाकीत पडतो तो नुसता चुना. आमचं पोतं म्हणूनच फळीवर, तोंड घट्ट बांधून ठेवलेलं असतं.

निवळी टाकल्यावर अर्धा तास व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. जंतू मरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

टाकीवरून वेशीबाहेरचं मरीआईचं देऊळ दिसतं. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, देवी. आमच्या पुरंदर तालुक्यातून माउलींची पालखी जाते. एके काळी वारीच्या वाटेनं पटकीही गावोगाव पोचायची, आणि घाबरलेले लोक मरीआईचा गाडा पुढच्या गावच्या शिवेत नेऊन सोडायचे. 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांना पटकीचा जंतू कलकत्त्यातल्या एका तळ्याच्या पाण्यात सापडला. आता पालखी यायच्या आधी वाटेवरच्या विहिरींत टीसीएल पडतं. या देवळापाशी माझ्या आजोळची किती माणसं नवस बोलली असतील, हे मनात येतं तेव्हा मला माझं काम लहान वाटत नाही.

6.30. व्हॉल्व्ह उघडला. पहिली चाचणी चावडीजवळच्या नळावर. नळीत पाणी घ्यायचं, ओ.टी.चे थेंब टाकायचे आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत रंग बघायचा. छान पिवळा आला. शेजारच्या आजी हंडा लावून उभ्या.

“औषधाचा वास येतोय रं बाळा पाण्याला. चहा नासतोय.”

“आजी, वास येतोय म्हणजे औषध अजून शिल्लक आहे. घटकाभर उघडं ठेवा, उडून जाईल. वास यायचा बंद झाला तर मला हाक मारा.”

त्या हसल्या. त्यांच्या घरात माठावर झाकण आणि बाजूला लांब दांड्याचं ओगराळं आहे, हे मी पाहिलंय. माठात पेला बुडवला की बोटं पाण्यात जातात आणि टाकीवर केलेली सगळी मेहनत त्या एका बुडवण्यात वाया जाते.

7.10. आशाताईंचा फोन. “दादा, खालच्या वस्तीवर दोन पोरांना जुलाब लागलेत. मी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घेऊन निघालेय. तुम्ही पाणी बघा.”

7.30. खालची वस्ती. लाइनीवरचं शेवटचं घर. थेंब टाकले, दहा सेकंद मोजले. रंग नाही. दुसऱ्यांदा घेतलं. तरी नाही. शेवटच्या नळाला लिटरमागं किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. चावडीवर पिवळं आणि इथं पांढरं, म्हणजे मधे कुठंतरी घाण शिरतेय आणि क्लोरीन तिच्याशी झगडण्यातच संपतोय. आशाताईंनी पाणी उकळून प्यायचं घरोघर सांगितलं. मी लाइनीच्या कडेनं उलटा चालत निघालो.

सापडलं ते ओढ्याअलीकडं, जिथं पाइप गटाराखालून जातो तिथं. जोड ढिला झालेला. पाणी चालू असतं तेव्हा दाबानं ते बाहेर येतं, म्हणून गळती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही; गटार ओलं ते ओलंच. खरा घात होतो पाणी बंद झाल्यावर. पाइप रिकामा होऊ लागतो आणि त्याच फटीतून गटारातलं पाणी आत ओढून घेतो. दुसऱ्या सकाळी पहिल्या हंड्यात तेच. त्यात दोन घरांनी नळाला थेट मोटर लावलेली, म्हणजे ओढ आणखी वाढली.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000 साली सुरू झालं, तेव्हा मी शाळेत होतो. आम्ही पोरांनी रस्ते आरशासारखे झाडले होते आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. पण झाडलेला रस्ता सगळ्यांना दिसतो, गटाराखालचा पाइप कुणाला दिसत नाही. माझं मत असं की गावच्या स्वच्छतेची परीक्षा या न दिसणाऱ्या जागी होते.

9 ते 1. खोदाई. प्लंबरनं सडका तुकडा कापून नवा घातला आणि पाइप गटाराच्या वरून, बाहेरच्या आवरणात घेतला. मोटरवाल्यांशी सरपंचताई स्वतः येऊन बोलल्या. एकानं तिथंच मोटर सोडली. दुसरा उद्या म्हणाला.

1.15. शाळा. खिचडीची वेळ. मी आधी माझेच हात साबणानं धुतले; गटारातून आलो होतो. मुलं रांगेत उभी. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा, सगळं चोळायचं, नुसतं पाण्याखाली धरायचं नाही. एक चिमुरडी शेजारच्याला दटावत होती, “संडासला जाऊन आल्यावर पण धुवायचे, फक्त जेवताना नाही.” मला काही सांगावं लागलं नाही.

दुपारी नोंदवही, आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेला पाठवायचा नमुना निर्जंतुक बाटलीत भरणं.

4.30. खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडला. पहिलं पाणी वाहू दिलं. “एवढं पाणी वाया?” लोक विचारत होते. पाणी मोलाचं आहे या भागात, त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण लाइनीत अडकलेलं गटार बाहेर काढायला दुसरा उपाय नव्हता.

5.45. शेवटचं घर. नळी भरली. सहा, सात, आठ. फिकट पिवळा रंग उतरला. कार्डाशी जुळवला: 0.2. आतल्या खाटेवरचा पोरगा उठून दारात आला होता, हातात ओआरएसचा पेला.

तुमच्या गावातही लाइनीवरचं एक शेवटचं घर असेल. ते कुठलं, हे विचारा, आणि उद्या सकाळी ओ.टी.ची बाटली घेऊन कुणाला तरी तिथं न्या.